पेन्सिलीतला सोमवार

विद्यापीठाच्या शैक्षणिक विभागात तिला सगळे सुट्टीबाई म्हणत, आणि तेही तोंडावर. अठरा वर्षं तिची दोनच कामं, लोकांचे रजेचे अर्ज तपासायचे आणि पुढच्या वर्षीच्या सुट्ट्यांची यादी तयार करायची. सत्र कधी संपणार, मधली सुट्टी किती दिवसांची, कोणती सार्वजनिक सुट्टी नेमकी रविवारी येऊन फुकट जाणार, हे बत्तीस कॉलेजांना तिच्याकडून कळायचं. सुट्टी रविवारी आली की पोरं तिच्या नावानं बोटं मोडत, जणू पृथ्वी तीच फिरवते.

यादीतल्या सुट्ट्या मोजून एकवीस. त्यातली एक कुलगुरूंच्या अधिकारातली, त्यांनी हवी तेव्हा द्यायची, आणि ते ती नेहमी वर्ष अर्धं सरल्यावर ठरवत. तोवर बेरीज तर जुळायला हवी, म्हणून सुट्टीबाई त्या जागी पेन्सिलीनं एक तारीख लिहून ठेवायची. कुठली तरी लिहायचीच आहे, तर मग लेकीच्या वाढदिवसाची का नको? यादी छापायला जाण्याआधी ती खोडायची आणि ‘तारीख मागाहून कळवू’ असं लिहायचं. इतकी वर्षं त्यात कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

यंदाच्या यादीत मात्र घात झाला. यादी कॉम्प्युटरवर घ्यायला नवा टायपिस्ट आला होता, मोठा इमानी माणूस. त्याला शाई काय नि पेन्सिल काय, दिसेल ते टाइप करायचं एवढंच ठाऊक. आणि सुट्टीबाईची जुनी खोड अशी, की ती तारखा वाचायची नाही, मोजायची. तिनं कागदावर बोट फिरवलं, एकवीस भरल्या, सही ठोकून मोकळी झाली.

चूक कळली ती लेकीच्या फोनवरून. लेक सहा तासांवरच्या एका गावात, याच विद्यापीठाच्या कॉलेजात शिकत होती आणि हॉस्टेलवर राहत होती. वाढदिवस यायचा ऐन सत्र संपायच्या तोंडावर, त्यामुळे गेली दोन वर्षं तो तिनं मैत्रिणींबरोबर चहा-बिस्किटांवर उरकला होता. यंदा तो सोमवारी, रविवारला जोडून, आणि यादीत चक्क सुट्टी. मी येतेय, तिकीटही काढलंय, असं तिनं एका दमात सांगितलं आणि आईला बोलायला जागाच ठेवली नाही.

सुट्टीबाईनं यादी काढून पाहिली, पेन्सिलीतली तारीख जशीच्या तशी छापली होती. पण खरं सांगायचं तर धसक्याच्या शेजारीच गुदगुल्याही होत होत्या. कुणाला कळणार आहे? बाकीच्यांना वाटेल कुलगुरूंनी दिली, कुलगुरूंना वाटेल आपणच दिली असेल, त्यांच्या लक्षात कुठं राहतंय. तिनं मूग गिळून गप्प बसायचं ठरवलं आणि घरी जाऊन लेकीच्या खोलीतले पडदे धुवायला काढले.

तिसऱ्या दिवशी प्रात्यक्षिक परीक्षांचं पत्रक टेबलावर येऊन पडलं. तीन कॉलेजांची प्रात्यक्षिकं त्याच सोमवारी होती आणि परीक्षक बाहेरून येणार होते. सुट्टी म्हटल्यावर ते सगळं पुढं ढकलून सत्र संपल्यावर घ्यायचं, असा शेरा कुणीतरी मारलाही होता. परीक्षक पुन्हा जमवायचे म्हणजे चारशे पोरांच्या मधल्या सुट्टीतला आठवडा गेला. त्यांनीही तिकिटं काढलेली असणार, त्यांच्याही आयांनी पडदे धुवायला काढले असणार. सुट्टीबाईनं ते पत्रक दोनदा वाचलं. जन्मभर सुट्ट्या वाटल्या, आता कुणाच्या खायच्या म्हणजे अतीच झालं.

तिनं स्वतःच सोमवारची सुट्टी रद्द करणारं शुद्धिपत्रक टाइप केलं, पण कुलसचिव साहेबांकडे सहीला नेण्याआधी लेकीला फोन लावला. लेकीनं सगळं ऐकून घेतलं.

“चारशे पोरांची आई झालीस,” ती म्हणाली. “माझी कधी होणार आहेस?”

आणि फोन ठेवून दिला. सुट्टीबाईला रडू आलं, ते तिनं फायलीच्या आड उरकून घेतलं.

कुलसचिव साहेबांनी हीच तारीख कशी पडली म्हणून विचारलं, तेव्हा तिनं पेन्सिलीसकट सगळं सांगून टाकलं. साहेबांनी सही केली, मग कपाटातून तिची रजेची वही काढली आणि पानं उलटत राहिले. पानं जवळजवळ कोरीच होती.

“बाई, सगळ्यांच्या सुट्ट्या तुम्ही लावता. तुमची कुठाय?”

दुसऱ्यांचे अर्ज चुका काढून परत पाठवण्यात जिचा हातखंडा, तिचाच सोमवारच्या रजेचा अर्ज शिपाईमामांनी परत आणला. कारणाचा रकाना कोरा राहिला होता. मामांच्या चेहऱ्यावरचा आनंद काही लपत नव्हता. तिनं तिथं शाईनं लिहिलं, मुलीचा वाढदिवस.

सोमवारी पहिल्या बसनं निघून ती लेकीच्या वर्गावर पोचली, तेव्हा तास सुरूच होत होता. ती मागच्या बाकावर जाऊन बसली. प्राध्यापक सांगत होते की आज खरं तर आपण सगळे घरी असतो, पण ऑफिसातल्या कुणा महाभागानं दिलेली सुट्टी काढून घेतली. वर्गानं सुस्कारा सोडला.

सुट्टीबाई उभी राहिली. “ती मीच. लावलीही मीच होती, चुकून.”

“आजचाच दिवस कसा लावलात?” प्राध्यापकांनी विचारलं.

“तिसऱ्या बाकावर बसलीय ना, तिचा वाढदिवस आहे.”

सगळा वर्ग वळून तिसऱ्या बाकाकडे बघायला लागला. लेक कानापर्यंत लाल झाली होती. तिनं मागं वळून आईकडे पाहिलं आणि लगेच वहीत तोंड खुपसलं. प्राध्यापकांनी घसा खाकरला आणि तास पुरा घेतला, एक मिनिटही सोडलं नाही. सुट्टीबाईला त्यातलं अक्षरही कळलं नाही. लेक रागावलीय की काय, याच चिंतेत तिचा जीव टांगणीला लागला होता.

तास संपत आला तेव्हा दहा-बारा हातांतून फिरत एक चिठ्ठी तिच्यापर्यंत आली. पेन्सिलीनं लिहिलेली, अगदी तिच्या ऑफिसातल्या नमुन्याप्रमाणे. ‘अर्जदार: मुलगी. रजा: दुपारचे दोन तास. कारण: आई आली आहे. मंजुरी:’ आणि पुढं रेघ मोकळी.

मंजुरीच्या रेघेवर तिनं अठरा वर्षांत कधी काही लिहिलं नव्हतं, तो तिचा अधिकारच नव्हता. सुट्टीबाईनं चष्मा पुसला, पर्समधून पेन काढलं आणि त्या रेघेवर शाईनं सही केली.