दक्षिणद्वार व्हायच्या आधी

२००६ च्या ऑगस्टात पाणी पुन्हा चढू लागलं, तसा बाळासोनं दुधाचा टेम्पो रिकामा करून नृसिंहवाडीत सासूच्या दारात लावला. गेल्या साली पुरात बायको गेल्यापासून तो सासूकडंच जेवायचा.

सासू, बयाबाई, उंबऱ्यात बसून होती. पूर चढला की दत्ताच्या देवळात उत्तरेच्या दारानं पाणी शिरतं, पादुकांवरून वाहतं आणि दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं. त्या दक्षिणद्वाराच्या पाण्यात अंघोळ केल्याशिवाय ती हलणार नव्हती. उद्या दुपारी होतंय, असं गावात सगळेच म्हणत होते.

बाळासो आता देवळाकडं बघून अंदाज बांधत नव्हता. वर्षभर त्यानं पाटबंधारे खात्याच्या साहेबांना विचारून विचारून भंडावलं होतं. वाडीतला पाऊस वाडी बुडवत नाही, हे त्याला कळलं होतं. वर घाटात पाऊस कोसळतो, धरणातनं पाणी सुटतं, कृष्णा फुगते; मग वाडीजवळच्या संगमात पंचगंगेला पुढं जाता येत नाही आणि तिचं पाणी मागं तुंबत येतं. म्हणून तो रोज सकाळी कोल्हापूरला फोन लावून पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर किती फूट पाणी आहे ते विचारायचा. आज त्रेचाळीस सांगितलं होतं, धोक्याची पातळी. म्हणजे उद्या सकाळी रस्ता बंद.

हे त्यानं सासूला दोनदा समजावलं. ती म्हणाली, पाणी येतंय आणि जातंय, तिची हयात त्यातच गेली. मग पदर सावरत म्हणाली, "पावणं, माझ्या पोरीची भक्ती होती म्हणून ती थांबली. पाण्यानं वेढल्यावर तिला दम लागला, न्यायला नाव वेळंत आली न्हाय. देवाची इच्छा."

बाळासो खाली जोत्यावर बसला.

"अंबू निघाली होती, मामी. पिशवी भरली होती तिनं. मीच म्हणालतो, थांब, दक्षिणद्वार होऊ दे, परवा उतरतंय पाणी. देवाला मधी आणू नका. मी थांबवली तिला."

म्हातारी त्याच्याकडं वळली.

"वर्षभर माझ्या हातचं जेवलास की रं."

"व्हय."

ती उठली, आतनं कळशी आणून तिनं त्याच्यापुढं ठेवली. तो नदीच्या घाटाकडं गेला, गुडघाभर पाण्यात उतरून कळशी भरून आणली. अंगणातच तिनं ती डोक्यावर ओतून घेतली आणि ओल्या लुगड्यानं टेम्पोत चढून बसली.

"गुंडूला बी सांग," ती समोर बघत म्हणाली. "त्यो बी उद्याचीच वाट बघतोय."

बाळासो शेजारी गुंडूच्या दारात गेला. किती फूट पाणी आलंय, ते त्यानं सांगितलंच नाही. अंबूनं पिशवी भरली होती, तिथनंच सुरुवात केली.