मागच्या ब्रेकची झीज

भावोजींनी पिकअप गॅरेजच्या दारात उभी केली आणि खाली उतरायच्या आधीच फर्मान सोडलं, "मागचे ड्रम ब्रेक काढून टाक. डिस्क बसव. सामान मी घेऊनच आलोय."

मिस्त्रीला हसू आलं. भावोजी म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचे यजमान. टेकडीवर त्यांची रोपवाटिका, आणि गावभर रोपं पोचवायला ही जुनी पिकअप. आपल्यामागे नीट गाडी चालवणारा माणूस उरणार नाही, असा त्यांचा ठाम समज. बारा वर्षांपूर्वी ताईनं गाडी शिकताना रोपवाटिकेच्या फाटकाचा खांब पाडला होता. लायसन्स तिला मिळालं, पण स्टिअरिंग पुन्हा मिळालं नाही. त्या खांबाची गोष्ट मात्र भावोजी आल्यागेल्याला अजून चहाबरोबर ऐकवत.

"ड्रमला काय धाड भरलीय?" मिस्त्रीनं विचारलं.

"लायनर टिकत नाहीत. आठ महिन्यांपूर्वी तूच घातलेस ना? संपले."

ताई शेजारच्या सीटवरून उतरली आणि बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली. एरवी आल्या आल्या भावाच्या वाढलेल्या दाढीवर घसरणारी ही बाई, आज नुसती मागच्या चाकांकडे बघत होती.

मिस्त्रीनं गाडी जॅकवर घेतली, चाकं उतरवली. ड्रम गंजून घट्ट बसले होते, चांगले ठोकावे लागले तेव्हा सुटले. आत लायनर झिजून पार लोखंडापर्यंत गेलेले. भावोजींचं म्हणणं खरं होतं. मग सवयीनं त्यानं पुढचे ब्रेक पाहिले, आणि तिथं त्याच्या मनात पाल चुकचुकली. लायनरबरोबरच बदललेले पुढचे पॅड जवळपास नवे होते.

कुठल्याही गाडीचे पुढचे ब्रेक आधी झिजतात. ब्रेक दाबला की सगळा भार पुढे येतो, हे शेंबडं पोरही सांगेल. इथं सगळा उलटाच कारभार. त्यानं पुढची नळी तपासली, पिस्टन हलवून पाहिले. सगळं ठणठणीत. डोकं खाजवून त्यानं नवं खोकं उघडलं. कोडी सोडवत बसलं तर जेवणं राहतील, हा त्याचा जुना अनुभव.

"ह्या नव्या ब्रेकना हँडब्रेक असतो ना रे?" ताईनं बाकावरूनच विचारलं.

"काहींना असतो. ह्यांनी आणलेत त्यांना नाही. लागलंच तर चाकाला दगड लाव, पुढे बघू."

ताईचा चेहरा पडला. मिस्त्रीनं तो पाहिला आणि सोडून दिला. ह्याबद्दल पुढे त्यानं स्वतःला पुष्कळ बोल लावले.

ड्रमबरोबर हँडब्रेकची केबलही सुटली. ती हातात घेतली तर निम्म्या तारा तुटून कुसळासारख्या उभ्या. त्यानं ती बाजूला टाकली. ब्रॅकेट बसवले, डिस्क चढवल्या, डिस्कला चिमटणारे कॅलिपर आवळले, नळ्या जोडल्या. दुपारपर्यंत सगळं जागच्या जागी बसलं. राहिली होती फक्त नळीतली हवा काढायची.

ते दोघांचं काम. एकानं पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं खाली चाकापाशी हवा सोडायचं निपल ढिलं करून बुडबुडे बाहेर सोडायचे आणि पुन्हा आवळायचं. तेवढा वेळ पेडलवरचा पाय उचलायचा नाही. उचलला, की हवा परत आत.

"दाबा," गाडीखालून मिस्त्री म्हणाला. "धरा."

"धरलंय."

त्यानं निपल ढिलं केलं. निपलला नळीनं जोडलेल्या बाटलीत बुडबुडे आले, आणि बघता बघता नळीतलं ऑइल उलटं वर चढलं.

"भावोजी, पाय उचलू नका."

"उचललाच नाही. तुझी नळी गळत असेल."

चार वेळा तेच झालं. मिस्त्रीनं सगळे जोड पुसून बोटानं चाचपले. थेंब नव्हता. पाचव्या वेळी "धरा" म्हणून तो हळूच सरकत उघड्या दाराखाली आला आणि त्यानं वर पाहिलं. भावोजी दोन्ही हातांनी स्वतःचा गुडघा खाली रेटत होते. कपाळावर घाम होता. पाय थरथरत वर येत होता आणि ते ओठ दाबून त्याला पुन्हा खाली ढकलत होते.

पुढचे पॅड नवे का, ते मिस्त्रीला कळलं. पेडल कुणी दाबतच नव्हतं. हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतो, आणि गेले आठ महिने गाडी त्याच्यावरच थांबत होती. ताईनं मघाशी हँडब्रेकचं का विचारलं, तेही कळलं. टेकडीचा उतार, मागे कुंड्यांचं ओझं आणि शेजारच्या सीटवर आपली बहीण. त्याला भीती वाटली आणि भावोजींचा भयंकर राग आला.

तो बाहेर आला, हात पुसले. आवाज मात्र त्यानं चढू दिला नाही.

"ताई, तू बस जरा. ह्यांना चहा पिऊ दे."

भावोजी खाली उतरले. ताई चढली. दाबा, धरा, सोडा. दहा मिनिटांत मागच्या दोन्ही चाकांची हवा निघाली. भावोजी दाराला धरून तिच्या पायाकडे बघत उभे होते. चहा तसाच गार झाला.

"कधीपासून?" मिस्त्रीनं विचारलं.

ताईच म्हणाली, "वर्ष होईल. पायातला जोरच गेलाय. उतारावर हे म्हणतात 'ओढ', की मी हँडब्रेकची दांडी ओढते. सवय झालीय आता."

"आणि मला सांगावंसं नाही वाटलं?"

"तू गाडी काढून घेतली असतीस." हे भावोजी. "डिस्कला जोर कमी लागतो असं ऐकलं होतं."

"मागे डिस्क लावली म्हणून पेडल हलकं होत नाही, भावोजी. पायाचं काम पायालाच करावं लागतं."

भावोजींनी मान हलवली. माणूस हट्टी असला तरी खोटं बोलणारा नव्हता, आणि त्या क्षणी मिस्त्रीचा राग निम्मा ओसरला. हँडब्रेकवाले कॅलिपर चार दिवसांत येतील, तोवर गाडी टेकडी चढणार नाही, असं त्यानं सांगून टाकलं. आज फक्त गॅरेजमागच्या सपाट मैदानात एक फेरी मारून बघायची. त्यानं किल्लीसाठी हात पुढे केला.

भावोजींनी किल्ली खिशातून काढली, थोडा वेळ हातातच धरली आणि ताईला दिली.

"ह्याला काय कळतंय माझी गाडी," ते म्हणाले. "तूच घे. मैदानात खांब नाहीत."

ताईनं सीट पुढे ओढली. भावोजी पहिल्यांदाच शेजारच्या सीटवर बसले. मिस्त्री मागे हौद्यात चढला आणि उघड्या काचेतून आत बघत राहिला. गाडी हळूहळू निघाली, मग ताईनं वेग घेतला. कुंपण जवळ येऊ लागलं तसा भावोजींचा हात मधल्या दांडीवर गेला. त्यांनी ती जोर लावून वर ओढली. केबल नसलेली दांडी अलगद वर आली. तोवर ताईनं पेडल दाबलं होतं. गाडी सरळ रेषेत, कुंपणाच्या बरीच अलीकडे उभी राहिली.

भावोजींनी दांडी तशीच घट्ट धरून ठेवली होती. ताईनं त्यांच्या हातावर हात ठेवला.

"थांबलीय," ती म्हणाली. "सोडा आता."