धूर झाला की उठायचं

मी एक जुनी धूपदाणी आहे, मित्रांनो. सागवानी लाकडाची, पितळी खिळ्यांची, आत निखाऱ्यासाठी पत्र्याची वाटी. बहरीनमधल्या मुहर्रकच्या एका सुताराने मला घडवलं आणि तिथल्याच मोझाने मला आपल्या नव्या शेजारणीला भेट म्हणून दिलं. शेजारीण अमेरिकन, नाव लोर्ना. नवरा तेलाच्या कारखान्यात इंजिनिअर, मुलगा पीटर तेव्हा एवढासा होता.

आमच्याकडे मला पाहुण्यांना निरोप देताना पेटवतात. कॉफी झाली, गप्पा झाल्या, की निखाऱ्यावर ऊद घालायचा आणि धूर सगळ्यांपुढून फिरवायचा. मग कुणी बसत नाही. लोर्नाला हे कुणी सांगितलंच नव्हतं. गल्लीतल्या बायका पहिल्यांदा तिच्याकडे आल्या, तर तिने मोठ्या हौसेने मला दारातच पुढे केलं. बायकांनी धूर घेतला, एकमेकींकडे पाहिलं आणि निमूट घरी गेल्या. कॉफी तशीच राहिली. लोर्ना रडायलाच लागली. मलाही मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी मोझा एकटीच परत आली. हसून हसून तिची पुरेवाट झाली होती.

"अगं पीटरच्या आई, आल्या पावली हाकललंस की आम्हाला."

"मला वाटलं, वास आवडेल," लोर्ना मोडक्यातोडक्या अरबीत म्हणाली.

"वास छानच होता गं. बसायला दिलं असतंस तर आणखी छान वाटला असता. आण ती कॉफी."

तेव्हापासून दोघींचं मेतकूट जमलं. लोर्नाचा नवरा गेला, तेव्हा मोझाच तिच्या उशाशी बसून राहिली. रोज भेट व्हायची आणि रोज ती मीच संपवायची.

मग मोठा झालेला पीटर आईला कायमचं न्यायला आला. दारात गाडी उभी होती. लोर्ना निखारे घेऊन आली, तशी मोझाने माझ्या तोंडावर हात ठेवला.

"आज नको."

"पण रीत आहे ना? तूच शिकवलीस."

"मग मीच मोडते. धूर झाला की भेट संपली. आपली संपलेली नाही. हिला मी नेते, तू आलीस की पेटवू."

तेव्हापासून मी मोझाच्या कपाटावर थंड पडून होते. सुनेने विजेवरची धूपदाणी आणली. खोटं कशाला बोलू, माझा जळफळाट व्हायचा. एकदा सून म्हणाली, "टाकू का हो ही अडगळ?"

"हात लावू नकोस," मोझा म्हणाली. "पाहुणी अजून उठलेली नाही."

परवा पीटरचा फोन आला. आई गेली, म्हणाला. मग तिने सुनेला मला खाली काढायला लावलं. स्वतःच्या हाताने निखारा ठेवला, ऊद घातला आणि समोरच्या रिकाम्या गादीपुढून धूर फिरवला.

"ऊठ आता, पीटरच्या आई," ती म्हणाली. "झाली भेट."

मित्रांनो, मोझाही आता थकली आहे. उद्या मी कुणाच्या हाती पडेन, ठाऊक नाही. तुमच्या हाती पडले, तर वरची धूळ खुशाल पुसा. पण आतली काजळी तेवढी घासू नका. त्या दोघींचं माझ्याजवळ तेवढंच उरलं आहे.