केडगावला गाडी हलेपर्यंत

मी दौंड-पुणे शटलमधला रुमाल बोलतोय. हसू नका. खिशात घडी होऊन बसणारा, शिंक आली की बाहेर येणारा तो रुमाल मी नव्हे. मी चांगला दोन हात लांब, लाल-हिरव्या चौकड्यांचा, जाडजूड सुताचा. आयुष्यात मी कुणाचं नाक पुसलं नाही. माझं काम एकच, जागा धरणं. आणि ते मी इमानानं केलं, हे सांगायला मला कुणाची भीड नाही.

माझा जन्म सोलापूरच्या एका यंत्रमागावर झाला. तिथून गठ्ठ्यात बांधून मला दौंडच्या बाजारात आणलं. १९८९ साली केडगावचे इब्राहिम यांनी मला विकत घेतलं. पुण्यातल्या एका कारखान्यात ते दहा वर्षांपासून फिटर होते. घरी नेल्यावर त्यांच्या बायकोनं, नूरबीनं, माझ्या एका कोपऱ्यावर पिवळ्या दोऱ्यानं छोटंसं फूल काढलं. "गर्दीत आपला कुठला ते कळाया नको?" असं ती म्हणाली होती. मला तेव्हा वाटलं, आता डोक्याला बांधतील, उन्हातान्हात फिरवतील. पण दुसऱ्याच दिवशी इब्राहिमभाईंनी मला हौसरावांच्या हातात दिलं.

हौसराव दौंडचे. पुण्याला एका छापखान्यात कामाला. शटल सुटते दौंडहून, त्यामुळे दौंडकरांना बसायला मिळतं. पाटस झालं, कडेठाण झालं, केडगाव येईपर्यंत डब्यात उभं राहायलाही अंग चोरावं लागतं. म्हणून हौसराव दौंडला चढले की खिडकीजवळच्या जागेवर मला पसरायचे आणि शेजारी स्वतः बसायचे. त्यांच्या पलीकडे मारुतराव, पाटबंधारे खात्यात कारकून, सकाळच्या पहिल्या वाक्यापासून पुणे येईपर्यंत अखंड बोलणारे. केडगावला इब्राहिमभाई चढले की मला उचलून गळ्यात टाकायचे, आणि मग चौकडी गप्पांना बसायची. चौथा माणूस बदलता असायचा.

आता माझ्या कामाचे नियम ऐका. ते कुठल्या पाटीवर लिहिलेले नाहीत, पण शटलचा प्रत्येक माणूस ते पाळतो. जागेवर वर्तमानपत्र असेल तर ते सरकवता येतं. पिशवी असेल तर ती वर फळीवर ठेवता येते. पण रुमाल असेल तर माणूस बसलाय असंच समजायचं. एक रुमाल, एक माणूस. आणि ज्याचा रुमाल, त्याच्या स्टेशनात गाडी हलेपर्यंत तो कुणी उचलायचा नाही. गाडी हलली आणि माणूस आला नाही, तर जागा जो उभा असेल त्याची. इतका सरळ कायदा मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही. घरात भावाभावांत बांधावरून डोकी फोडणारी माणसं इथे माझ्यासारख्या चिंधीला मान द्यायची.

संध्याकाळी पुण्याहून येताना इब्राहिमभाई केडगावला उतरायचे आणि मी हौसरावांबरोबर दौंडला. म्हणजे मालक एका गावात आणि बिऱ्हाड दुसऱ्या गावात. फक्त शनिवारी मी केडगावला उतरायचो, नूरबीच्या हातची धुलाई खायला. सोमवारी सकाळी इब्राहिमभाई मला खिडकीतून आत द्यायचे, ती एक सकाळ मारुतरावांची पिशवी माझ्या जागी राबायची. रमजानात संध्याकाळच्या गाडीत मला मांडीवर पसरून त्यावर खजूर ठेवले जायचे. रोजा सुटायची वेळ होईपर्यंत मारुतरावही शेंगदाण्याला हात लावायचे नाहीत, आणि बोलणंही जरा कमी करायचे. त्या माणसासाठी दुसरा त्याग जास्त अवघड होता.

अशी बारा वर्षं सुखात गेली. मग इब्राहिमभाईंच्या कारखान्याला कुलूप लागलं. त्यांचा एक गुडघा मशिनीवर आधीच अधू झालेला. त्यांनी केडगाव स्टेशनाबाहेर सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं. पण हौसरावांच्या हाताला हे कोण सांगणार? पुढचे आठ दिवस ते दौंडला चढले की मला खिडकीजवळ पसरायचे. केडगाव यायचं, जायचं, गाडी हलायची, मग त्यांच्या लक्षात यायचं. ते गुपचूप मला उचलायचे. मारुतराव त्या आठ दिवसांत एकदाही त्यांची चेष्टा करायला धजले नाहीत.

नंतर दोन वर्षं मी हौसरावांच्या घरी खुंटीवर होतो. कामाशिवाय जगणं म्हणजे काय ते तेव्हा कळलं.

२००३ च्या जूनमध्ये एका रविवारी हौसरावांनी मला झटकून खांद्यावर टाकलं आणि केडगाव गाठलं. इब्राहिमभाईंची मुलगी सायमा औषधशास्त्राची पदविका पास झाली होती. पुण्यात स्टेशनाजवळच्या एका दवाखान्याच्या औषध दुकानात तिला नोकरी लागली होती. घरात मात्र पेढ्यांऐवजी शांतता होती.

"मी बावीस वर्षं गाडी बघितली हाय, हौसराव," इब्राहिमभाई म्हणाले. "दाराला कशी माणसं लटकत्यात, आत कशी रेटारेटी चालती, मला कुणी सांगाया नको. पोरीला त्यात कसं ढकलू?"

"बायकांचा डबा हाय की," नूरबी म्हणाली.

"हाय. केडगावला त्याच्या दारात पाय ठेवाया जागा नसती."

"तुम्ही बावीस वर्षं गेला. मी कवा म्हटलं का, नगा जाऊ म्हणून?" नूरबीनं चहाचा कप जरा जोरातच ठेवला.

सायमा दाराशी उभी होती. हौसरावांनी मला खांद्यावरून काढून मध्ये ठेवलं. "जागेचं माझ्याकडं लागलं, भाई. तुमची जागा ती तिची जागा."

बराच वेळ इब्राहिमभाई माझ्या पिवळ्या फुलावरून अंगठा फिरवत राहिले. मग म्हणाले, "एक महिना बघू. पास एका महिन्याचाच काढायचा. आन् गाडीत तिच्यावरनं एक जरी भांडान झालं, तर त्या दिवशी नोकरी संपली. कबूल?"

सायमानं मान हलवली. मला तर खुंटीवरून सुटल्याचा इतका आनंद झाला होता, की अट किती अवघड आहे हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

पहिल्या दिवशी सगळा घोळ झाला, तोही चांगुलपणातून. हौसरावांनी मला नेहमीसारखं खिडकीजवळ पसरलं. कडेठाण गेल्यावर ते अचानक अस्वस्थ झाले. "मारुतराव, भाईची लेक आपल्या शेजारी अंगाला अंग लावून बसायची व्हय? बरं दिसत न्हाई."

"मग?"

"उठा."

दोघेही उठले. चौथ्या जागेवर पाटसला चढलेला म्हाळू बसला होता. हडपसरच्या कंपनीत कामाला जाणारा, अंगानं आडदांड माणूस. त्यालाही हौसरावांनी उठवलं. "लेडीज येणार हाय" एवढंच सांगितलं. मग मला ताणून ताणून अख्ख्या बाकड्यावर अंथरलं. पुरलो नाही, तेव्हा शेवटी मारुतरावांची पिशवी ठेवली.

केडगावला सायमा चढली. चार माणसांच्या बाकड्यावर ती एकटी, समोर दोन मामा पहारेकऱ्यांसारखे उभे, आणि भोवती खच्चून माणसं. ती कोपऱ्यात अंग आक्रसून बसली. बाकीचं बाकडं मोकळंच. खुटबावला कुरकुर सुरू झाली. यवतला म्हाळूचा पारा चढला.

"राणी सरकारची स्वारी हाय का? आमी काय फुकट चढलोय?"

"लेडीज हायेत, नीट बोल," हौसराव म्हणाले.

"एक रुमाल, एक माणूस! एका रुमालावर बाकडं अडवायचं कुठनं काढलं?"

त्याचं बरोबर होतं. मला लाज वाटली. बोलण्यावर बोलणं वाढलं, मारुतरावांची पिशवी खाली गेली, हौसरावांची कॉलर म्हाळूच्या मुठीत आली. तेवढ्यात सायमा उठली. "बसा तुम्ही सगळे," एवढंच म्हणाली आणि गर्दीत जाऊन उभी राहिली. यवतपासून पुण्यापर्यंत ती उभी होती. पहिल्याच धक्क्याला तिचा तोल गेला, तेव्हा केडगावची सोजराबाई तिला धरून उभी राहिली. सोजराबाई रोज शेवंतीची पाटी घेऊन पुण्याला फुलं विकायला जायची.

संध्याकाळी सायमाच्या आधी बातमी केडगावला पोचली होती. दुपारच्या गाडीनं रिकामे कॅन घेऊन परतलेल्या दूधवाल्यांनी ती तिखटमीठ लावून सांगितली होती. हौसराव सायमाबरोबर केडगावलाच उतरले आणि थेट दुकानापुढे जाऊन उभे राहिले.

"चूक माझी हाय, भाई."

"मी तुमच्याकडं एक जागा मागितली हुती," इब्राहिमभाई हातातला पाना आपटून म्हणाले. "तुम्ही तिला अख्खं बाकडं दिलं! आता चार गावात नाव झालं. उद्यापास्नं बंद."

तेव्हा सायमाच पुढे झाली.

"अब्बा, भांडण मी गाडीत बसले म्हणून नाही झालं. जागा मोकळी ठेवली म्हणून झालं. सोजरामावशी रोज पाटी घेऊन उभ्या जातात. आपल्या गावच्या दोन नर्स पोरी रोज उभ्या जातात. मी एकटी कशाला बसू? मला उद्याचा एक दिवस द्या." मग ती हौसरावांकडे वळली. "मामा, उद्या चार रुमाल आणाल?"

इब्राहिमभाईंनी उत्तर दिलं नाही. पण नाही असंही म्हटलं नाही, आणि त्या घरात त्याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता.

दुसऱ्या दिवशी दौंडला बाकड्यावर आम्ही चौघे होतो. मी, हौसरावांचा रुमाल, मारुतरावांचा पंचा, आणि चौथं म्हणजे हौसरावांच्या घरचं भाकरी बांधायचं फडकं. त्याला अजून पिठाचा वास येत होता. आयुष्यात पहिल्यांदाच ते बिचारं घराबाहेर पडलं होतं. हौसराव, मारुतराव समोरच्या बाकड्यावर बसले. पाटसला म्हाळू चढला, चार रुमाल मोजले, आणि छद्मी हसून दांडीला धरून उभा राहिला. "बघू की, चार माणसं कुठनं येत्यात."

केडगावला चार माणसं आली. पुढे सायमा, मागे सोजराबाई, तिच्यामागे त्या दोघी नर्स. चौघींनी चार रुमाल उचलले आणि चौघी बसल्या. सोजराबाई तर बसताना एवढा मोठा श्वास सोडून "आई गं" म्हणाली, की अर्धा डबा हसला. म्हाळू काय बोलणार? कायदा त्याचाच होता. खिडकीबाहेर इब्राहिमभाई हातात सायकलचा पंप घेऊन उभे होते. प्लॅटफॉर्मवर पंपाचं काय काम, हे त्यांना कुणी विचारलं नाही.

महिना सुरळीत गेला. भांडण नाही, कुरबुर नाही. पण इब्राहिमभाईंनी घरी त्या विषयाचं नावही काढलं नाही. पास संपला त्या संध्याकाळी सायमा उतरताना हौसरावांना म्हणाली, "मामा, उद्याचं काही सांगता येत नाही. अब्बा काहीच बोलत नाहीत."

"मी रुमाल टाकणार," हौसराव म्हणाले. "यायचं का न्हाई ते तुम्ही बघा."

दुसऱ्या दिवशी केडगाव आलं. सोजराबाई बसली, नर्स बसल्या. खिडकीजवळ मी एकटा उरलो. सायमा नव्हती. हौसराव खिडकीतून मान बाहेर काढून बघत होते.

"घराला तर कुलूप दिसलं मला," सोजराबाई हळूच म्हणाली.

शिटी झाली. एक नवखा माणूस गर्दीतून पुढे आला आणि त्यानं माझा कोपरा धरला. "कोणी येत नाही वाटतं. बसतो मी."

तेवढ्यात माझ्यावर एक राकट हात पडला. म्हाळूचा. "थांबा पाव्हणं. गाडी हलली न्हाई अजून. पोरीची जागा हाय ती."

खरं सांगतो, इतक्या वर्षांत माझा एवढा मान कुणी राखला नव्हता.

आणि मग हौसराव ओरडले, "आली! आली!" तिकीट खिडकीकडून सायमा पळत येत होती. तिच्यामागे गुडघा ओढत इब्राहिमभाई आणि त्यांच्यामागे पदर सावरत नूरबी. पास सायमाच्या नव्हे, इब्राहिमभाईंच्या मुठीत होता. मारुतरावांनी दारातून हात दिला, सायमा चढली, आणि इब्राहिमभाईंनी खिडकीतून पास आत दिला. त्यांना धाप लागली होती.

"रांग हुती हौसराव, रांग! तीन महिन्याचा काढला!"

"आवो, मग काल का न्हाई काढला?"

"रात्रभर ठरवीत हुतो!" ते ओरडले, आणि तेव्हाच गाडी हलली.

सायमानं मला उचलून तोंडावर धरलं. आयुष्यात मी कुणाचं नाक पुसलं नाही असं सुरुवातीला म्हणालो. डोळ्यांबद्दल काही म्हणालो नव्हतो.

त्याला आता सहा वर्षं झाली. हौसराव निवृत्त झाले. सायमा अजून जाते, आता ती त्या औषध दुकानाची प्रमुख आहे. मी मधोमध विरून फाटलो, तेव्हा नूरबीनं माझे दोन तुकडे केले. एकाची सोजराबाईनं चुंबळ केली, तो शेवंतीच्या पाटीखाली तिच्या डोक्यावर मिरवतो. पिवळ्या फुलाचा तुकडा म्हणजे हा मी. दौंडहून चढणारी सायमाची एक मैत्रीण आता मला खिडकीजवळ पसरते. मी अर्धा झालो, पण जागा पूर्ण धरतो.

तुम्ही कधी शटलनं गेलात आणि बाकड्यावर एखादा विटका रुमाल दिसला, तर लगेच उचलू नका. गाडी हलेपर्यंत जरा थांबा. एखाद्या बापाला ठरवायला रात्र लागलेली असते, आणि तो तिकडून धावत येत असतो.