सहाव्या भागाचा उंबरठा

मित्रांनो, रांगेत एकाचाच पाय पुढे आला तर सगळ्यांचे डोळे त्या पायावरच खिळतात, हे तुम्हीही अनुभवले असेल. माझा पाय जन्मभर पुढेच आहे. मी एका प्रवासकथेच्या संचातला जुना सहावा भाग आहे.

आम्ही भावंडे नऊ. क्रमाने कपाटात उभे राहिलो, की आमच्या पाठी मिळून एक चित्र होते. पहिल्याच्या पाठीवर डोंगर आहे. तिथून निघालेली निळी नदी एकेका पाठीवरून वाहत शेवटच्या भागावर समुद्राला मिळते. खालच्या फळीवर व्हिडिओ कॅसेटींचाही असाच संच होता. त्यांच्या डब्यांवर मिळून एक घोडा धावत असे. पण शेजारच्या काकांनी मधली कॅसेट ‘उद्या आणून देतो’ म्हणत नेली आणि घोडा कायमचा पोटावाचून धावत राहिला.

मी छापला गेलो तेव्हा प्रकाशकाच्या डोक्यात काही नवे खूळ शिरले होते. मला पिवळी, कोरी पाठ मिळाली. वर नुसता आकडा. वाचकांनी ओरड केल्यावर माझ्या पाठच्या सातव्याला पुन्हा नदी मिळाली. मी मात्र तसाच विकला गेलो.

ज्या घरात आलो तिथले बाबा शिंपी होते. चौकटीच्या सदऱ्याला ते खिसा असा लावत, की हात घातल्याशिवाय तो आहे हे कळू नये. मला पाहताच त्यांच्या लेकीचा चेहरा उतरला.

“बाबा, इथे नदी आटली.”

“शिंप्याच्या घरात जोड जुळत नाही म्हणजे काय, ठमे? आण तुझे रंग.”

कपडे बेतायचा जाड, खाकी कागद त्यांनी घेतला, शेजारच्या भावंडांवर टेप धरली आणि माझ्यासाठी आवरण रंगवले. नदी, काठावरचे गवत, एक बगळासुद्धा. पण हाताची सवय जाते कुठे! कापडाला सोडावी तशी त्यांनी कागदाला वर-खाली दुमडायची जादा माया सोडली, नदीची उंची कागदाच्या खालच्या काठापासून मोजली आणि मग तीच माया आत दुमडून टाकली. मला फळीवर उभे केले, तर माझी नदी बोटभर खाली!

धाकटा मुलगा खो खो हसत सुटला. “बाबा, नदी खाली उतरली ते समजलं. पण सातव्या भागात परत वर कशी चढली?”

“पुढे पाणी वाढलंय,” बाबा गंभीरपणे म्हणाले. मग हळूच लेकीकडे वळले. “उसवून नवं करू का गं?”

तिने माझी नदी आणि शेजारची नदी बोटाने जोडून पाहिली. “नको. इथे होडीला उडी मारता येईल.”

तेव्हापासून पाहुण्यांना आधी मीच दाखवला जाऊ लागलो. माझे कौतुक झाले, थट्टाही झाली. पुढे मुले मोठी झाली आणि आपापल्या घरी गेली. मग कितीतरी वर्षे आमच्यावर धूळ सोडून कोणाचाच हात पडला नाही.

बाबांची नजर अधू झाली, शिवणयंत्रावर कापडाची खोळ चढली. लेक आली, की त्यांना वाचून दाखवायची; धाकटा आला, की तोही ऐकत बसे. भाग मात्र बाबा स्वतःच काढून देत. पहिल्या भागापासून पाठींवरून बोट फिरवत येत. सगळ्या पाठी गुळगुळीत, म्हणून बोट घसरत येई आणि माझ्या जाड कागदाच्या कडेला अडे. “उंबरठा आला,” ते म्हणत. तिथून पुढे-मागे मोजून हवा तो भाग अचूक काढत. ज्या पाठीची मला लाज वाटायची, तिच्यावर त्यांचे बोट विसावत असे.

मग एक दिवस बाबा गेले. घर आवरायला दोन्ही भावंडे आली. लेकीने खोळीखालचे यंत्र पुसले, कात्री पुसली, पण आमच्या कपाटापाशी येऊन थबकली. तेव्हा धाकट्याने पिशवीतून एक पुस्तक काढले. नदीच्या पाठीचा सहावा भाग! नंतरच्या छपाईतला.

“ताई, किती दुकानं पालथी घातली याच्यासाठी! बाबांना दाखवायचा होता. राहून गेलं.” त्याने पुस्तक तिच्यापुढे धरले. “आता तू घे. लहानपणी हिरमुसली होतीस ना याच्यावरून?”

मित्रांनो, त्याच्या मनात माझ्याविषयी काही वाईट नव्हते. त्याने प्रेमानेच मला काढले आणि द्यायच्या पुस्तकांच्या खोक्यात ठेवले. तिने त्याचे मन मोडले नाही. “छान दिसतंय रे,” एवढेच म्हणाली. खोक्यातून मला ती दिसत होती. नदी डोंगरापासून समुद्रापर्यंत सरळ वाहत होती आणि ती मात्र पदराचे टोक बोटाला गुंडाळत होती.

कपाट बंद करण्याआधी धाकट्याने सहज पाठींवरून बोट फिरवले. या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग पुन्हा एकदा, सावकाश.

“ताई,” तो म्हणाला, “उंबरठा लागलाच नाही गं.”

तेव्हा कुठे ती रडली. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच. धाकट्यानेच मला खोक्यातून उचलले, सदऱ्याच्या बाहीने पुसले आणि जागेवर ठेवले.

“मग या नव्याचं काय करायचं?” त्याने विचारले.

“तुझ्या लेकीला दे. तिचा संच सुरू होऊ दे.”

“सहाव्यापासून?”

“मग काय बिघडलं? पहिला शोधायला तिचा बाप आहे की.”

आता आम्ही ताईच्या घरी असतो. मित्रांनो, रांग सरळ असावी हे मलाही पटते. पण न जुळणाऱ्याला रांगेतून काढण्याआधी डोळे मिटून एकदा त्याच्यावरून बोट फिरवा. कोणाचा तरी हात तिथे थांबलेला असतो.

माझ्या आवरणाची कड आता विरत चालली आहे. येता-जाता ताई तिथे बोट टेकवते, तेव्हा जपून गं, असे म्हणावेसे वाटते. पण उंबरठा म्हटला, की झिजणे आलेच.