दारापाशी थांबलेला पाय

"मास्तर, खून उरकला! आता घरी जायचंय," काचेपलीकडून रेकॉर्डिस्ट ओरडला.

हाडं मोडल्याचा आवाज काढायला घेतलेला कोबीचा गड्डा पायमास्तरांनी बाजूला ठेवला, जड बूट उतरवले आणि पिशवीतून घरातल्या प्रसंगासाठी जुन्या चपला काढल्या. हयात गेली त्यांची दुसऱ्यांच्या पावलांत. मालिकेत नट चालतात, पण त्यांच्या पायांचे आवाज नीट टिपले जात नाहीत. मग मास्तर पडद्याकडे बघत फरशीवर, फळीवर, परातीतल्या वाळूत तस्सं चालायचे आणि ते आवाज चित्राला जोडले जायचे. पडद्यावर नाव कधी झळकलं नाही, पण स्टुडिओत लहानथोर सगळे त्यांना पायमास्तरच म्हणत.

सध्याची मालिका म्हणजे कहर होता. एका टोळीचा म्होरक्या. बाहेर माणसं संपवायची आणि घरी येऊन लेकीची वेणी घालायची. "मेला बायकोला घाबरतो, पोलिसांना नाही!" असं म्हणत मास्तरांची बायको एकही भाग चुकवत नसे. मुलगीही बघायची, तिच्या घरी. मग मायलेकी फोनवर म्होरक्याच्या संसाराची चिरफाड करत. मास्तर खोलीत आले की बायको आवाज खाली आणायची.

कारण बापलेकीत बोलणं नव्हतं. तिनं आपल्या मर्जीनं लग्न केलं तेव्हा मास्तर रागाच्या भरात बोलून गेले होते, "या घरात पुन्हा पाऊल टाकायचं नाही." पोरगी बापाच्याच वळणावर गेलेली, तिनं ते शब्दशः पाळलं. मास्तरांना हे आतल्या आत खात होतं, पण आपणहून फोन करायला जीभ रेटत नव्हती.

पडद्यावर म्होरक्या लेकीच्या खोलीकडे निघाला. मास्तर त्याच्याबरोबर चालू लागले. तो दारापाशी थांबला, मास्तरही थांबले, आणि त्यांच्या उजव्या पायानं परस्परच फरशीवर दोनदा चवडा घासला. खर्र, खर्र.

"अहो मास्तर! त्याचा पाय हललाच नाही. कापतो तेवढं," रेकॉर्डिस्ट म्हणाला.

असली चूक मास्तरांनी उमेदवारीतसुद्धा केली नव्हती. पण चूक कुठून आली ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. मुलगी लहान असताना ते रात्रपाळी करून उजाडताना घरी यायचे. ती डोळे गच्च मिटून झोपेचं सोंग घ्यायची. ते दारात थांबून दोनदा चवडा घासायचे, म्हणजे बाप आलाय. ती पलंगाच्या लाकडावर दोनदा टकटक करायची, म्हणजे मी जागी आहे. मग काय, गुदगुल्या आणि नुसता आरडाओरडा!

"कापू नका," मास्तर म्हणाले.

दिग्दर्शिका बाई मागे बसल्या होत्या. "का हो? काय आहे ते?"

"इथे त्याचा चेहराच दिसतोय बाई, पाय नाहीत. खपून जाईल."

"खपेल हो. पण खून करून आलेला माणूस पाय कशाला घासेल?"

"लेकीला कळावं म्हणून. बाहेरचं कुणी नाही, बाप आलाय. आजवर तुमच्याकडे काही मागितलं नाही. एवढं राहू द्या."

बाईंनी तो तुकडा पुन्हा लावायला सांगितला आणि डोळे मिटून ऐकला.

"ठेवा," त्या म्हणाल्या. "आत्ता कुठे हा मेला बाप वाटायला लागला."

तो भाग लागला त्या संध्याकाळी मास्तर चक्क टीव्हीसमोर येऊन बसले.

"अगंबाई! आज सूर्य कुठे उगवला?" बायको म्हणाली.

"गप गं. ऐक."

म्होरक्या दारापाशी थांबला. खर्र, खर्र. बायको दचकली. तिनं मास्तरांकडे पाहिलं. जाहिराती लागल्या, संपल्या, भागही संपला. फोन आपला गप्पच. तिला कशाला आठवतंय, अशी मास्तरांनी मनाची समजूत घातली.

तेवढ्यात फोन वाजला. बायकोनं उचलला, दोनदा "हॅलो" म्हणाली आणि तो मास्तरांपुढे धरला. "घ्या. बोलत नाहीये. नुसती काहीतरी ठोकतेय."

मास्तरांनी फोन कानाला लावला. टक, टक. लाकूड. पलंगाचंच.

त्यांनी घाईघाईनं चपला चढवल्या, वाकून फोन पायाशी धरला आणि दोनदा चवडा घासला.

"अहो, तोंडानं बोला की!" बायको हसता हसता डोळे पुसत होती.

मास्तरांनी फोन परत कानाशी नेला.

"जागी आहे मी, बाबा," मुलगी म्हणाली.

"चुकलं गं माझं. ये ना. आत्ताच ये."

"निघते," ती म्हणाली.

मास्तर उठले, दाराची कडी काढून आले. मग टीव्ही बंद केला, पंखाही बंद केला. ती पोहोचायला अजून बराच वेळ होता, पण जिन्यावरचं पाऊल ऐकायचं राहून जायला नको.