जास्वंदीभोवतीची मच्छरदाणी

वाटीतलं पाणी सरड्याला कळत नाही, हे भामाबाईला साठी ओलांडल्यावर कळलं.

धारूरच्या वरच्या माळावर तिच्या शेळ्या चरत होत्या, तिथं पोरांनी एका सरड्याला घेरून दगड मारले होते, त्याचा एक पाय लोंबत होता. तिनं काठी उगारून पोरं पांगवली आणि त्याला पदरात उचललं. ऊसतोडीच्या हंगामात कोयत्यानं तिच्या डाव्या हाताची दोन बोटं नेली होती. उरलेल्या बोटांना सरड्यानं चिमट्यासारखी घट्ट मूठ घातली, ती सुटेचना. कुंपणावर मान हलवत बसणारा साधा सरडा नव्हता तो. झाडावरचा, पानासारखा हिरवा, दोन डोळे दोन दिशांना फिरवणारा, चिडला की काळवंडणारा.

वनरक्षक वनमालानं त्याचा पाय डॉक्टरकडून बांधून आणला, साहेबांची परवानगी काढली आणि त्याला भामाबाईच्याच हवाली केलं. "मावशी, पाय भरला की जिथला तिथं सोडू. तवर पिंजऱ्यात मुळासकट जितं झाड ठेवा. ह्यो वाटीत तोंड घालत न्हाई, पानावरचा थेंब चाटतो. आन् कण्हेर, रुई, घाणेरी, शेर, ह्यातलं काईच नको, इखारी असतंय. पानबी चावतो कधीमधी."

वैशाखातला माळ. हिरवं म्हणून जे दिसेल ते नेमकं त्या चारांपैकीच. बाभळीचं पान एवढंसं, त्यावर थेंब ठरेना. लिंबाची डहाळी खोवली, ती दुपारीच मान टाकून बसली. सून संगीतानं बाटलीतला मनी प्लॅंट आणून दिला. सरडा चढला आणि वेलीसकट खाली आला. भामाबाईनं टोळ धरून दिले, ते त्यानं खाल्ले नाहीत. पाणी नाही तर भूक कुठली? त्याचे डोळे खोबणीत आत गेले. असंच चाललं तर तो जगत नाही, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

गावात पानदार, भरगच्च झाड एकच, देवीच्या देवळापुढची जास्वंद. तिथल्या नळाखाली हातपाय धुवायचं पाणी थेट तिच्या मुळाशी जायचं. वनमालाला फोनवर विचारलं, तर ती म्हणाली, "जास्वंद? त्याच्यावाणी दुसरं झाड न्हाई, मावशी. फक्त फवारलेली नको."

देवळाचं सगळं बंकट बघायचा. भामाबाईच्या दिराचाच पोरगा, पण देवळात गेला की सासऱ्यासारखा बोलायचा. तिनं मुळासकट एक फुटवा मागितला.

"देवीच्या झाडाचा फुटवा सरड्याला? काकू, येडी झालीस का? अंगावर पडला तर आंघुळ करावी लागती, आन् तू त्याला देवाचं झाड घालतीस!"

"मग करीन की आंघुळ. पाणी काय तुझ्या घरचं हाय?"

"न्हाई म्हंजे न्हाई. सरड्याची धाव कुंपनापतुर. जास्वंद इथनं हलायची न्हाई."

कट्ट्यावरची माणसं हसली. भामाबाईही हसली. "झाड नको हलवू बाबा. मी कुंपनच हलवते."

घरी जाऊन तिनं संगीताच्या खाटेवरची मच्छरदाणी सोडली. संगीता म्हणाली, "आत्या, आन् डास?" तेवढं म्हणून तिनंच चार बांबू काढून दिले. ऊन कलायच्या आत जास्वंदीभोवती मच्छरदाणी ताणली गेली, कडेनं दगड बसले. भामाबाईनं एकेक पान उलटून ओल्या फडक्यानं पांढरा मावा पुसला, सरडा फांदीवर ठेवला आणि झाकणाला सुईनं भोकं पाडलेली बाटली घेऊन आतच मांडी घातली.

गलका ऐकून बंकट आला. पाठीवर फवारणीचा पंप.

"मावा लागलाय झाडाला. औषध मारायचं हाय. निघ भायेर."

"मावा पुसला मी."

"काकू, हट्ट सोड. मी मारनार."

"मार की! कुणी धरलाय हात? पर आमा दोघास्नी मार. उद्या गाव इचारील, म्हातारीवर औषध कावून मारलं, तर सांग, देवीनं सांगितलं म्हनून."

बंकटनं नळी वर धरली. मागून कुणीतरी बोललं, "अरे, खरंच मारतो का काय बे?" त्याचा हात दांड्यावर तसाच राहिला. भामाबाईनं त्याच्याकडं पाहिलंही नाही. तिनं बाटली उलटी केली. थेंब पानावरून पानावर उतरला, कडेला लोंबकळला, उन्हात चमकला. सरड्याचा एक डोळा बंकटकडं होता. दुसरा हळूच थेंबाकडं वळला. मग मान पुढं आली आणि तो चाटू लागला. एक थेंब, मागून दुसरा, थांबायचं नाव नाही.

कट्ट्यावरची दोघंतिघं उठून जाळीपाशी आली.

"पाय भरेपतुर मी हितनं उठत न्हाई," भामाबाई म्हणाली. "शेळ्या माझा पोरगा अंगद बघील, भाकरी संगीता आणील. ज्याला बोलायचं त्यानं जाळीच्या भायरनं बोलावं."

"आन् सकाळची पूजा? देवीला फुलं कुठनं आनू?"

"माग की. देते."

बंकट पाय आपटत गेला. पंप मात्र घेऊन गेला.

सकाळी तो ताट घेऊन जाळीपाशी उभा राहिला. भामाबाई उठून बसली होती. वर सरडा रात्रीचा फिका रंग सोडून हिरवा होत होता. बंकटनं दोनदा घसा खाकरला. ती मागं वळेना.

"काकू," शेवटी तो म्हणाला, "फुलं."

तिनं वरची उमललेली लाल फुलं खुडली, मच्छरदाणीची कड उचलली आणि हात तिथंच थांबवला. नाक आखडलं.

"काल पंप धरलास, त्याच हातानं आलास. वास येतोय औषधाचा."

"काकू, आता पूजेला…"

"नळ पलीकडं हाय. साबन लावून धू. मग देते."

बंकट सरड्याकडं बघत राहिला. मग ताट खाली ठेवलं आणि नळाकडं निघाला.